पाण्यातला फोटो आणि पुसलेला वण

आम्ही सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका बचत गटातल्या बायका. आमच्यातल्या कोणी मासे सुकवतात, कोणी बाजारात बसतात. गेली काही वर्षं आम्ही पाहुण्यांना होडीतून डॉल्फिन दाखवायलाही नेतो. आज आम्ही फोटोबद्दल बोलणार आहोत. पाण्यातल्या जनावराचा फोटो कसा काढायचा, घरी आल्यावर तो नीटनेटका कसा करायचा, आणि एकदा नीटनेटका करताना आमच्या हातून काय बिघडलं, तेही सांगणार आहोत.

आमच्याकडे किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात कुबडवाला डॉल्फिन असतो. आम्ही त्याला गादा म्हणतो. त्याच्या पाठीवर उंचवटा असतो आणि त्या उंचवट्यावर लहानसा पर. दिसायला माशासारखा, पण मासा नव्हे. तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. तो वर येतो आणि दोन-तीन सेकंदांत पुन्हा खाली जातो. फोटो काढायला आपल्याला तेवढाच वेळ मिळतो.

सुरुवातीला आमच्या फोटोत नुसतं पाणीच यायचं. गादा दिसला की आम्ही कॅमेरा उचलायचो, तोवर तो बुडालेला असायचा. मग कळलं, की डोळा आधीपासून कॅमेऱ्याला लावून ठेवायचा. तो एकदा वर आला की कोणत्या दिशेने चाललाय ते बघायचं आणि थोडं पुढचं पाणी धरून थांबायचं. बटण एकदा दाबून सोडायचं नाही, लागोपाठ फोटो घ्यायचे. वीसातला एक चांगला निघाला तरी खूप झालं. होडी हलते, जनावरही हलतं, म्हणून फोटोचा वेग जास्त ठेवायचा, सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी. ऊन आपल्या पाठीशी हवं. सकाळी वारा पडलेला असतो, पाणी शांत असतं, चकाकीही कमी असते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाठलाग करायचा नाही. इंजीन मंद ठेवायचं, त्याची वाट अडवायची नाही, पिल्लू आणि आई यांच्यामध्ये होडी घालायची नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिनला वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या बाळंतिणीच्या खोलीत कोणी असं घुसलेलं आपल्याला चालेल का?

आता फोटो कशाला लागतो, ते ऐका. गाद्याच्या परावर खाचा असतात, ओरखडे असतात, जुन्या जखमांचे वण असतात. प्रत्येकाचे वेगळे. अभ्यास करणारी माणसं त्यावरूनच एकेकाला ओळखतात. कोण कुठे दिसला, कोणाला पिल्लू झालं, कोण पुन्हा दिसलाच नाही, हे सगळं फोटो जुळवून कळतं. थंड समुद्रातल्या सील नावाच्या प्राण्याचंही असंच. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या करड्या सीलच्या अंगावर ठिपके आणि डाग असतात, त्यांच्या नक्षीवरून मादी वर्षानुवर्षं ओळखता येते. पाण्याबाहेर नुसतं डोकं आणि मान निघाली तरी चांगल्या फोटोतून ओळख पटते. कुणाच्या मानेत जाळ्याचा दोर रुतलेला असतो, तोही फोटोतच दिसतो.

आमच्याकडे एक मादी यायची. तिच्या परावर मागच्या बाजूला खोल खाच होती आणि पुढे आडवी काळी रेघ, जाळ्याचा नायलॉन घासून झालेली. आम्ही तिला खाचवाली म्हणायचो. एका सकाळी ती पिल्लासकट दिसली. आमच्यातल्या एकीने सुंदर फोटो काढला. गटाच्या माहितीपत्रकावर तो छापायचा ठरलं. तिच्या मुलीने मोबाइलवर बसून फोटो छान केला. पाणी निळं केलं, क्षितिज सरळ केलं, आणि परावरची ती रेघ 'घाण दिसते' म्हणून पुसून टाकली. बोट फिरवलं की नको ते नाहीसं करणारी सोय मोबाइलमध्ये असतेच. खाचही भरून निघाली. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली.

एका सासूबाईंनी मात्र फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "ही आमची नाय गो." आम्ही हसलो. पुढच्या महिन्यात अभ्यासाला येणाऱ्या एका मुलीने तो फोटो मागितला. जखम भरतेय की वाढतेय, हे तिला बघायचं होतं. मूळ फोटो शोधला तर तो कधीच पुसला गेलेला. कार्डात जागा नव्हती. आमच्याकडे उरली होती जखम नसलेली खाचवाली, जी समुद्रात कुठेच नव्हती.

पोरीला आम्ही रागावलो नाही. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. चूक आम्हा सगळ्यांची. तेव्हापासून गटात काही नियम केले.

पहिला, मूळ फोटोला हात लावायचा नाही. आधी त्याची प्रत करायची, जे करायचं ते प्रतीवर. दुसरा, जे आहे ते नीट दिसावं एवढंच करायचं. वाकडं क्षितिज सरळ करा, आजूबाजूचं जास्तीचं पाणी कापा, अंधारातला भाग थोडा उजळा, पाण्याची चकाकी कमी करा. पण जनावराच्या अंगावरचं काही पुसायचं नाही, काही घालायचं नाही. तिसरा, तारीख, वेळ, जागा आणि डावी बाजू की उजवी, हे वहीत लगेच लिहायचं. चौथा, व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो बारीक होतो, खाचा दिसत नाहीत. म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. आणि हो, घरी आल्यावर कॅमेऱ्यावरचं खारं पाणी ओल्या फडक्याने पुसायचं. पुसायचं तेवढं तेच.

समुद्रापासून लांब राहणाऱ्या मैत्रिणी म्हणतील, आम्हाला याचं काय? तर ऐका. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन किंवा कासव सोडण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं, तर भरपाई म्हणून 25,000 रुपयांपर्यंत मदत देण्याची योजना महाराष्ट्र सरकारने 2018 मध्ये आणली. तिथे पुरावा म्हणून फोटो लागतो. तुमच्या शेतात गारपीट झाली, गोठ्यातली गाय दगावली, तरी फोटो लागतोच. तो फोटो छान दिसायला नको, खरा दिसायला हवा. बिल्ला दिसू द्या, पडलेलं कणीस दिसू द्या. आपल्याला सवय असते, पाहुणे आले की पसारा पडद्याआड ढकलायची. काही फोटोंत तो पसाराच कामाचा असतो.

खाचवालीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. गेल्या हंगामात एक मादी लांबून दिसली. परावर मागे खाच होती, पण ऊन समोर होतं आणि एकच फोटो मिळाला, तोही धूसर. आम्ही तो उजळून बघितला, मोठा करून बघितला. रेघ आहे की पाण्याची सावली, ते ठरेना. मुलगी म्हणाली, "जरा गडद केली तर रेघ दिसेल." आणि मग स्वतःच म्हणाली, "नको."

वहीत आम्ही लिहून ठेवलंय, 'बहुतेक खाचवाली. खात्री नाही.' पावसाळा सरला, समुद्र निवला की पुन्हा होडी काढू.