परतीचे पैसे बाजूला ठेवून
(डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शाळेत असताना मला या व्यासपीठावर कुणी कधी बोलावलं नाही. एकदाच आलो होतो, तेही सतरंजी उचलायला. त्यामुळे आज माईक हातात आल्यावर पाय थोडे थरथरतायत, सांभाळून घ्या.

संयोजकांनी विषय दिला, "तू थायलंडला राहायला गेलास, त्याचा अनुभव सांग." थायलंड म्हटल्यावर मागच्या रांगेत जो हशा झाला तो मला इथपर्यंत ऐकू आला. त्याचा अर्थही कळला. पेन्शन घेऊन थायलंडला जातो म्हटल्यावर अख्ख्या शुक्रवार पेठेनं मला डोळा मारला होता. म्हणून आधीच सांगतो : मी बायकोसोबत राहतो, डोंगराच्या पायथ्याच्या चियांग माई या गावात. सकाळी आम्ही दोघं भाजी आणायला जातो. एवढंच आहे. निराशा झाली असेल तर माफ करा.

पण खरा प्रश्न तुम्ही आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारत नाही, बाजूला घेऊन विचारता. काल रात्री आपल्या इंग्रजीच्या सरांनीही विचारला : "बाळा, पैशाचं कसं जमवलंस?" सर, आज सगळ्यांसमोर हिशेब देतो. गणितात मला ३९ मार्क होते हे ध्यानात ठेवून ऐका.

मी १९८९ साली टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागलो. तेव्हा ट्रंक कॉल होते. कोल्हापुरातली एखादी आई दुबईतल्या मुलाशी तीन मिनिटं बोलायची, त्यातली दोन मिनिटं रडण्यात जायची. ते कॉल जोडून देणाऱ्यांत मी होतो. पुढे एसटीडी आलं, मोबाइल आला, १ ऑक्टोबर २००० ला खात्याची बीएसएनएल झाली. २०१९ च्या अखेरीस पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. देशभरात ७८ हजारांहून जास्त लोकांनी ती घेतली, त्यांतला मी एक. ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलो तेव्हा साठीला आठ वर्षं बाकी होती.

त्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये आपल्या पंचगंगेनं काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. आमच्या घराच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर चिखल उपसताना बायको म्हणाली, "तुम्ही तीस वर्षं लोकांना परदेशात जोडून दिलंत. आपल्याला कधी नेणार?" तेव्हा मी हसलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. लॉकडाऊनमध्ये आई गेली, मुलगा नोकरीसाठी पुण्यात स्थिरावला, आणि घरात आम्ही दोघंच उरलो.

आता हिशेब. सानुग्रह रक्कम, प्रॉव्हिडंट फंड आणि आधीची शिल्लक मिळून माझ्याकडे ४८ लाख होते. ऐकायला बरे वाटतात, पण मुंबईत एक खोली येत नाही एवढ्यात. पेन्शन महिना ३६ हजार. वरच्या मजल्याचं भाडं आठ हजार.

पहिल्यांदा पोर्तुगाल बघितलं. स्वतःचं नियमित उत्पन्न असलेल्यांना तिथं राहायचा परवाना मिळतो, पण नवराबायको मिळून २०२३ च्या नियमानं महिना ११४० युरो दाखवावे लागत होते, म्हणजे लाखभर रुपये. गेलं. मग मॉरिशस. तिथं आपली मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत, मन फार ओढत होतं. पण पन्नाशीनंतरच्या परवान्याला तेव्हा महिन्याला १५०० डॉलर बाहेरून आणावे लागत होते. तेही गेलं.

थायलंडची अट वेगळी निघाली. वय ५० पूर्ण हवं आणि तिथल्या बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बाट हवेत. तेव्हाच्या भावानं साडेएकोणीस लाख रुपये. नीट लक्ष द्या, ही रक्कम खर्च करायची नसते, दाखवायची असते. अर्जाच्या आधी दोन महिने आणि नंतर तीन महिने ती पूर्ण पाहिजे, पुढेही निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. ती माझीच राहते, फक्त अडकून पडते. दर वर्षी १९०० बाट भरून मुदत वाढवायची, दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, आणि नोकरी-धंदा काही करायचा नाही.

तर ४८ लाखांचे चार भाग केले. साडेएकोणीस थायलंडच्या बँकेत. साडेवीस इथं मुदत ठेवीत, त्याचं व्याज महिना बारा हजार. दोन लाख तिकिटं, कागदपत्रं, तिथलं घरभाड्याचं डिपॉझिट. आणि सहा लाख वेगळ्या खात्यात, त्याला आम्ही नाव दिलं 'परतीचे पैसे'. या चौथ्या भागाबद्दल शेवटी बोलतो.

पेन्शन, व्याज, भाडं मिळून महिना ५६ हजार. तिथला खर्च : दोन खोल्यांचं भाडं ७ हजार बाट, वीज-पाणी-इंटरनेट २ हजार, खाणं ८ हजार, औषधं, पेट्रोल वगैरे साडेचार हजार. एकूण साडेएकवीस हजार बाट, म्हणजे ५२ हजार रुपये. महिन्याला उरतात चार हजार. हीच माझी श्रीमंती.

कागदपत्रांची एक गंमत सांगतो. बायकोला माझ्यावर अवलंबून म्हणून परवाना हवा, तर लग्नाचा दाखला पाहिजे. आमचं लग्न १९९४ चं, पत्रिका आहे, फोटो आहेत, नोंदणी नाही! अठ्ठावीस वर्षांनी महापालिकेत जाऊन लग्न नोंदवलं. साक्षीदार म्हणून आलेले दोन वर्गमित्र इथं तिसऱ्या रांगेत बसलेत. बाहेर पडल्यावर त्यांनी मिसळ माझ्याकडूनच वसूल केली. मग त्या दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे शिक्के. तुमच्यापैकी ज्यांच्या लग्नाची नोंद नाही त्यांनी उद्याच करून टाका, परदेशी जा नाहीतर जाऊ नका.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही गेलो. पैसे पाठवताना तेव्हा वर्षाला माणशी ७ लाखांपर्यंत कर कापत नव्हते, त्यावर ५ टक्के. सात माझ्या नावानं, सात बायकोच्या, उरलेल्या साडेपाच लाखांवर साडेसत्तावीस हजार कापले गेले, ते रिटर्न भरल्यावर परत मिळाले. आज तो दर बऱ्याच कारणांसाठी २० टक्के आहे. परत मिळत असले तरी वर्षभर अडकतात, हे धरून चाला.

आता माझ्या चुका. कारण जमलेलं सगळेच सांगतात.

पहिली चूक. परदेशी राहायला लागलं की आपलं इथलं साधं खातं एनआरओ करावं लागतं. ते केलं. पण त्या खात्याच्या ठेवींच्या व्याजावर तीस टक्क्यांच्या वर कर आधीच कापला जातो, हे मी वाचलंच नव्हतं. बारा हजारांतले पावणेचार हजार गेले. आणि महिन्याला उरत किती होते? चार! रिटर्न भरल्यावर त्यातले काही परत येतात, पण दर महिन्याची भाजी रिटर्नवर येत नाही. शिवाय पोस्टाच्या बचत योजनांत आणि ज्येष्ठ नागरिक योजनेत अनिवासी माणसाला नव्यानं पैसे ठेवता येत नाहीत. साठीनंतर तिथं ठेवू हा माझा बेत कागदावरच राहिला.

एक चूक मात्र टळली. करवीर तालुक्यात भावाबरोबर माझी अठरा गुंठे जमीन आहे. "विकून टाक, तेवढाच आधार," असं बरेच जण म्हणाले. अनिवासी भारतीयाला असलेली शेतजमीन ठेवता येते, पण नवीन विकत घेता येत नाही. म्हणजे विकली असती तर तिथं राहून पुन्हा एक गुंठाही घेता आला नसता. भाऊ ऊस लावतो, माझ्या वाट्याचा गूळ ठेवतो. परवा चार रवे बघून डोळ्यांत पाणी आलं.

दुसरी चूक मोठी. चियांग माई सुंदर आहे, पण फेब्रुवारी ते एप्रिल आजूबाजूची शेतं आणि जंगलं पेटतात आणि सगळं गाव धुरात बुडतं. हे ऐकून होतो, पण आपल्याकडेही उसाचा पाला पेटवतातच की, असं मनाला समजावलं. आमच्या परवान्याची मुदत एप्रिलमध्ये संपते, म्हणजे नेमक्या धुराच्या दिवसांत तिथं असावं लागतं. मार्च २०२४ मध्ये बायकोला दम लागला. रात्री दोनला दवाखान्यात नेलं. डॉक्टर काय विचारतायत मला कळेना, मी काय सांगतोय त्यांना कळेना. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले, आणि त्या रात्री माझ्याच बायकोचं दुखणं मला समोरच्या माणसापर्यंत पोहोचवता येईना. तीन दिवस ठेवलं. बिल १ लाख १० हजार बाट, अडीच लाख रुपये. ज्या परवान्यावर आम्ही आहोत त्याला आरोग्य विम्याची सक्ती नाही, म्हणून मी तो काढला नव्हता. चार हजार वाचवायला गेलो आणि अडीच लाख घालवले. पुण्याहून मुलगा फोनवर एवढंच म्हणाला, "बाबा, हिशेबात आईला कुठं लिहिलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता दोघांचा विमा आहे.

दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना मला आपल्याच गावातला एक माणूस आठवला. आमच्याच खात्याचा म्हणा, कारण पोस्ट आणि टेलिफोन पूर्वी एकच खातं होतं. गोपाळराव जोशी, टपाल खात्यातले कारकून. १८७८ साली इथं कोल्हापुरात असताना त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिलं की बायकोला शिकवायला अमेरिकेला जायचंय, मदत करा. ती पत्रं अमेरिकेतल्या मासिकात छापून आली, ती वाचून कार्पेंटर नावाच्या बाईंनी पत्र धाडलं, आणि त्या धाग्यावर आनंदीबाई १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या. एकट्याच. निघण्याआधी श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी सरळ सांगितलं होतं की दोघांनी जायचा विचार होता, पण पुरेसे पैसे नाहीत, आणि नवऱ्यावर घरच्या माणसांची जबाबदारी आहे. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, त्यांची जागा ठरली होती. पण त्या आजारी होऊनच परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. त्या खुर्चीवर कधी बसल्याच नाहीत.

माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, त्या शिकायला गेल्या आणि मी आराम करायला. पण सीपीआरवरून लहानपणापासून हजार वेळा गेलो, आणि जाण्याचा खर्च पैशात किती आणि माणसात किती, हा विचार त्या रात्री पहिल्यांदा केला.

मग चांगलं काहीच नाही का? आहे की. कार्तिकी पौर्णिमेला आपण पंचगंगेच्या घाटावर दिवे लावतो, त्याच रात्री तिथं पिंग नदीत केळीच्या सोपट्याचे द्रोण सोडतात, त्यात फुलं आणि पणती. गेल्या महिन्यात बायकोनं त्यांतल्या दोन सोडल्या, एक तिथली आणि एक इथली. शेजारच्या म्हातारीकडून ती थाई शिकली आणि तिला झुणका शिकवला. रात्रीच्या ड्यूट्यांमुळे तीस वर्षांत आम्ही जेवढं बोललो नव्हतो, तेवढं या दोन वर्षांत बोललो. आणि हो, पुराला भिऊन गेलो, तर यंदा ऑक्टोबरमध्ये पिंग नदीलाही विक्रमी पूर आला. पण कोल्हापूरकर म्हणून खोली आधीच दुसऱ्या मजल्यावर घेतली होती!

तर कुणाला जायचं असेल त्यांनी माझ्याकडून एवढंच घ्या. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून माझे आकडे पाठ करू नका, स्वतः ताजे बघा. आधी तीन महिने राहून या, आणि तेही तिथल्या सगळ्यात वाईट ऋतूत. जमीन विकू नका. दोघांचा विमा पहिल्या दिवसापासून काढा. आणि परतीचे पैसे वेगळे ठेवा.

त्या सहा लाखांतले आता साडेतीन उरलेत. आमच्यात एक ठरलंय, आणि ते बायकोनं ठरवलंय : रक्कम दोन लाखांच्या खाली गेली की चर्चा न करता सामान बांधायचं. येत्या फेब्रुवारीत ती इथंच, कोल्हापुरात राहणार आहे. तिचा तिथला परवाना गेला तर जाऊ दे, पुन्हा काढू. मुदत वाढवायला मी एकटा जाईन. गोपाळरावांच्या उलट झालं म्हणायचं.

ती आज इथं बसलीय, पाचव्या रांगेत, हिरव्या साडीत. जेवणाच्या वेळी तिला विचारा, सुखी आहे का. माझ्यासमोर विचारू नका, म्हणजे खरं सांगेल.

सर, बाई, तुमचे आशीर्वाद असू द्या. आणि दोस्तांनो, तिकडे आलात तर दोन खोल्यांत जागा करतो, फक्त मार्चमध्ये येऊ नका. येताना कांदा-लसूण मसाला तेवढा आणा.