गोळी कशासाठी, हे विचारायला हवं
(महिला आरोग्य शिबिरातील भाषण)



सात वर्षांपूर्वी मला मधुमेह निघाला. रक्तदाब वाढलेला, कमरेचा घेर ९२ सेंटिमीटर. या सगळ्याला मिळून 'मेटाबॉलिक सिंड्रोम' म्हणतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर पायोग्लिटाझोन लिहिलं. काही महिन्यांत साखर उतरली, पण वजन चार किलोनं वाढलं, पाय सुजले. दवाखान्यात मलाच ऐकवलं, "बाई, तोंडावर ताबा ठेवा!" घरीही तेच. मी रात्रीचं जेवण सोडलं. अपराधी मात्र वाटतच राहिलं.

पुढे वाचलं तेव्हा उलगडा झाला. चरबी कातडीखाली साठते, तशी पोटात आतड्यांभोवतीही साठते. जास्त घातक ती आतली. तिच्यातून सुटलेली मेदाम्लं थेट यकृतात जातात आणि इन्शुलिनचं काम अडतं. बारीक दिसणाऱ्यांतही ती असू शकते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापं छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा २२.३, अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. आपल्याकडे बाईचा घेर ८० सेंटिमीटर झाला की सावध व्हायला सांगतात, ते यासाठीच.

पायोग्लिटाझोन कातडीखाली नव्या, लहान चरबीपेशी तयार करवतं. चरबी तिकडे साठते, यकृतातली कमी होते. म्हणून साखर उतरते नि वजन वाढतं. अंगात पाणी साठतं, म्हणून सूज. म्हणजे माझं तोंड सुटलं नव्हतं, हा औषधाचाच परिणाम होता! याच औषधानं बायकांत हाडं मोडण्याचा धोका वाढतो. सरकारनं जून २०१३ मध्ये त्याची विक्री थांबवली आणि जुलैत, इशारा छापण्याच्या अटीवर, पुन्हा सुरू केली. तो इशारा मला कुणी वाचून दाखवला नाही.

रिमोनाबंट हे औषध २००६ मध्ये युरोपात आलं. घेर कमी व्हायचा, पण नैराश्य, आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ मध्ये ते थांबवावं लागलं.

२०२५ साली वजन घटवणारी टिर्झेपॅटाइड, सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं आपल्या बाजारात आली. पोटातली चरबी खरंच घटते, सोबत थोडे स्नायूही झडतात. टिर्झेपॅटाइड सुरू करताना आणि दर वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे नुसत्या गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नये. हे किती जणींना सांगितलं जातं?

औषधं सोडा, असं मी म्हणत नाही. मीही घेते. पण चिठ्ठी हातात आली की विचारा: हे कशासाठी? त्रास काय होईल? झाला तर काय करू? उत्तर आपल्या भाषेत मागा. एकटीला धीर होत नसेल तर दोघी मिळून जा.