मिळवते हात

हुबळी व्यापाराची आणि धारवाड विद्येचे, अशी या जोडशहराची जुनी वाटणी आहे. मधले अंतर सुमारे २० किलोमीटरांचे. एकीकडे गिरमिट आणि मिरची भजी, दुसरीकडे पेढा. ज्यांच्या जिभेला अशी चव लागलेली आहे, त्यांना खाण्यापिण्याच्या बाबतीत फसविणे सोपे नाही. अशा या चोखंदळ नगरीत २०१७ साली, भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात, एक लहानसे उपाहारगृह उघडले. अलीना आलम या विशीतील तरुणीने ते काढले आणि नाव ठेवले ‘मिट्टी कॅफे’. गाठीशी भांडवल नव्हते. जागा मिळाली ती उंदरांनी बळकावलेले एक गोदाम. सामानसुमान बरेचसे लोकांनी दिलेले, वापरून जुने झालेले. आणि नोकरीवर घ्यावयाची माणसे कोणती? तर ज्यांना एरवी कोणी नोकरी देत नाही अशी. कोणाला चालता येत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाची बौद्धिक वाढ मंद आहे.

व्यवहारी मनुष्याने हा हिशेब ऐकून मान हलवली असती. तरीही त्या एका दुकानातून पुढे अनेक दुकाने निघाली. बंगळूरच्या विमानतळापर्यंत ती पोहोचली. आणि १० नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आवारातील शाखेचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या हस्ते झाले.

अशा ठिकाणी जाणारा पाहुणा सहसा काय पाहतो? चहा आणून देणाऱ्याचा वाकडा हात पाहतो, हळहळतो, बिलाहून चार रुपये अधिक ठेवतो आणि एक सत्कृत्य घडले अशा समाधानाने घरी जातो. खरे पाहण्यासारखे त्याच्या नजरेतून निसटते. ते आहे कामाच्या मांडणीत. चहा करणे हे आपल्या दृष्टीने एक काम. परंतु पाणी मोजणे, साखर घालणे, उकळी पाहणे, गाळणे, कप मांडणे, ते पोहोचविणे, पैसे घेणे अशी त्याची फोड केली, की त्यांतील एखादे तरी काम प्रत्येकाला नेटके साधते. ज्याला आकडेमोड जमत नाही त्याच्या हाती ठरलेल्या मापाचा पेला द्यावा. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी गिऱ्हाईकाने पदार्थपत्रिकेवर बोट ठेवावे. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी ब्रेल लिपी आहे. व्यंग माणसात असते, तसेच ते कामाच्या मांडणीतही असते. आणि मांडणीतले व्यंग सुधारणे आपल्या हाती असते.

परंतु एक प्रश्न उरतोच. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक दयेपोटी येईल; दुसऱ्या दिवशी ते कशापोटी येणार?

हा प्रश्न महाराष्ट्राने फार पूर्वी अनुभवला आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोग्यांनी विहिरी खणल्या, खडकाळ जमिनीतून भाजीपाला पिकविला. दानधर्म करणारे लोक होते. पण ती भाजी विकत घेण्यास मात्र कोणी धजेना. पुढे १९५४ साली परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, तेथल्या माणसांबरोबर राबले, त्यांच्याबरोबर जेवले. ते पाहून गावाची भीती सरली. दान देणारा हात सैल होता. त्याच हाताला त्या माणसांच्या हातचे खाणे जड गेले. ‘तुझ्या हातचे मी खातो’ यापरता मोठा विश्वास आपल्या समाजात नाही.

हीच वाट कोल्हापुरातही दिसते. वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन अनेक मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. त्यांच्या संस्थेने सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचा उद्योग काढला. निवड मोठी विचाराची! बी फोडणे, साल काढणे, गर निवडून प्रतवारी लावणे, यांतले बरेचसे काम बसून होते. आणि पाकीट घेऊन घरी जाणाऱ्याला काजू कुरकुरीत लागला पाहिजे. तो कोणी सोलला हा विचार नंतरचा.

२०११ च्या जनगणनेत देशात अपंगांची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख भरली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखून ठेवल्या. हे योग्यच झाले. तथापि सरकारी खुर्च्या किती आणि हात किती! बाकीच्यांची भाकरी दुकानांत, कारखान्यांत आणि बाजारातच शोधावी लागणार. तेथे पायऱ्या आडव्या येतात, बसची उंच पायरी आडवी येते. आणि कित्येकदा घरचे प्रेमच आडवे येते. ‘आम्ही आहोत ना सांभाळायला’ असे आईबाप म्हणतात. त्यांच्या मायेत खोट नाही. पण आईबाप जन्माला पुरत नाहीत. महिन्याच्या अखेरीस आईच्या हाती पगार ठेवणारा मुलगा घरात आपोआप ‘मिळवता’ होतो. त्याचे मत विचारले जाते, त्याच्या ताटात आधी वाढले जाते. हे स्थान कोणत्याही दानपेटीतून मिळत नाही.

म्हणून हुबळी-धारवाडात किंवा अन्यत्र अशा उपाहारगृहात जो जाईल, त्याने तेथे रोजच्या गिऱ्हाईकासारखे वागावे. चहा गार असेल तर बदलून मागावा. हिशेब चुकला असेल तर दाखवून द्यावा. दाम चोख द्यावेत. ज्याची चूक कोणी दाखवीत नाही, त्याला कोणी कामगार मानलेले नसते. आणि चहा चांगला असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. पहिल्या फेरीत उपकाराचा अंश असू शकेल. दुसरी फेरी मात्र त्या हातांची कमाई असते.