त्या होडीवर जेवण कोण करत होतं?

(रत्नागिरीत झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'गटबांधणी आणि कामाची वाटणी' असा विषय लिहिलाय. एम.एस.डब्ल्यू. करताना मी हा विषय शिकले आणि पुढे शिबिरांमधून शिकवलाही. फळ्यावर वर्तुळं काढायची, बाण काढायचे, नेतृत्वाचे प्रकार सांगायचे. तुम्ही वह्यांत उतरवून घ्यायचं आणि घरी गेल्यावर वही फळीवर ठेवायची. आज फळा बाजूला ठेवूया. मी तुम्हाला होडीबद्दल सांगणार आहे.

मागे मिरकरवाड्यात मासे विकणाऱ्या बायकांच्या बैठकीत मी 'तारिणी'ची गोष्ट सांगत होते. तारिणी ही नौदलाची शिडाची होडी, गोव्यात दिवाडीला बांधलेली, लांबी सुमारे ५५ फूट. १० सप्टेंबर २०१७ ला सहा तरुणी तिच्यावरून गोव्याहून निघाल्या आणि शिडाच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ ला परत आल्या. वर्तिका जोशी प्रमुख. बाकीच्या प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. एकूण २५४ दिवस. मधे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटं आणि दक्षिण आफ्रिका इथे थांबल्या. एरवी चारी बाजूंनी पाणीच. पॅसिफिकमध्ये मोठं वादळ लागलं. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, म्हणून ठरलेलं नसताना मॉरिशसला थांबावं लागलं.

मी रंगात येऊन सांगत होते. बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. माझं संपल्यावर मागे बसलेल्या एका मावशीने विचारलं, "आनि बाय, त्या सा जनींचं जेवान कोन करी?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण परत येताना माझ्या लक्षात आलं, की त्या बैठकीतला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच होता आणि मी त्याचं उत्तर दिलंच नव्हतं.

मावशींच्या प्रश्नामागे त्यांचा अनुभव आहे. त्यांच्या घरचे पुरुष मासेमारीला जातात. बोटीवर तांडेल असतो, खलाशी असतात आणि बोट दोन-चार दिवस बाहेर राहणार असेल तर रांधणाराही असतो. तो पुरुषच असतो. समुद्रावर तो पंधराजणांचा भात शिजवतो आणि घरी आला की चहासुद्धा हातात मागतो. बोटीवर त्याला कमीपणा वाटत नाही, कारण तिथे रांधणं हे काम आहे. त्याला पगार किंवा वाटा आहे. घरात त्याच कामाला वाटाही नाही आणि नावही नाही. जो पुरुष म्हणतो, 'मला स्वयंपाक जमत नाही', त्याला बंदरावर नेऊन दाखवावं.

तर तारिणीवर जेवण कोण करत होतं? वेगळी स्वयंपाकीण नव्हती. माणसं सहाच. सुकाणू, शिडं, दुरुस्ती, साफसफाई, रात्रीचा पहारा आणि स्वयंपाक, सगळं त्या सहाजणींनीच केलं.

पण हे एकच उत्तर नाही. दुसरी होडी वेगळं उत्तर देते.

तिचं नाव 'मेडन'. ब्रिटनमध्ये ट्रेसी एडवर्ड्स नावाची एक तरुणी होती. १९८५-८६ च्या व्हिटब्रेड या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत तिला एका होडीवर जागा मिळाली, ती स्वयंपाकीण म्हणून. शर्यतीतल्या दोनशेहून जास्त खलाशांत बायका बोटांवर मोजण्याइतक्या. चुलीजवळून तिने सगळं पाहिलं आणि ठरवलं की पुढच्या शर्यतीत फक्त बायकांची होडी आणायची. पैसे देणारे मिळेनात. तिने घरावर कर्ज काढून जुनी होडी घेतली आणि मैत्रिणींना जमवून ती दुरुस्त केली. शेवटी जॉर्डनच्या राजांच्या ओळखीने तिथल्या विमान कंपनीची मदत मिळाली. १९८९ मध्ये त्या निघाल्या तेव्हा एका पत्रकाराने त्यांच्या चारित्र्यावर घाणेरडी कोटी केली होती. त्या बाराजणींनी आपल्या वर्गात दोन टप्पे जिंकले आणि १९९० मध्ये त्याच वर्गात दुसऱ्या क्रमांकाने शर्यत पुरी केली.

या होडीवर मात्र स्वयंपाकासाठी एक ठरलेली बाई होती. तशीच एक डॉक्टर होती. म्हणजे 'स्वयंपाक आलटून पालटून केला की समता आली' इतकं ते सोपं नाही. माझा प्रश्न आता असा आहे: चुलीजवळच्या बाईचं नाव खलाशांच्या यादीत आहे का? आणि चुलीपासून सुकाणूपर्यंत जायला वाट आहे का? ट्रेसीला एका होडीवर चूल मिळाली, पण सुकाणूसाठी तिला स्वतःची होडी उभी करावी लागली.

शर्यतीच्या होडीवर कामं कशी वाटलेली असतात ते सांगते, म्हणजे आपल्या गटाशी ताडून बघता येईल. एक सुकाणू धरते. काहीजणी शिडांचे दोर आवळतात, सैल करतात. काहीजणी विंचवर जोर लावतात. एक अगदी पुढच्या टोकाला असते. शिड बदलताना तीच लाटा अंगावर घेते. एक नकाशा आणि हवामान पाहते. आणि वारा जोराचा असला की उरलेल्या सगळ्या, वारा येतो त्या बाजूच्या काठावर ओळीने बसून राहतात. वाऱ्याने होडी एका अंगाला कलते, ती यांच्या वजनाने सावरते. भिजत, कुडकुडत तासन् तास बसणं हेही काम आहे. आपल्या मोर्चात, धरण्यात ज्या 'नुसत्या बसायला' येतात ना, त्यांच्याबद्दल आपण काय बोलतो ते आठवा. त्या उठल्या तर आपली होडी कलंडेल.

आता दिशा पालटायची आहे. सुकाणूवरची हाक देते. सगळ्या 'तयार' म्हणतात, त्यानंतरच ती सुकाणू फिरवते. होडीचं तोंड वाऱ्यातून पलीकडे जातं, एका बाजूचा दोर सोडायचा आणि दुसऱ्या बाजूचा ओढायचा. दोर लवकर सुटला तर वेग जातो. उशिरा सुटला तर शिडात उलटा वारा भरतो आणि होडी अडकते. हे काही सेकंदांचं काम. त्यात सर्वांत हुशार बाई कोण याला महत्त्व नसतं. दोर सोडणारीला ओढणारी ठाऊक हवी.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जिच्या हातात सुकाणू असतं तिला सगळं दिसत नाही. पुढचं मोठं शिड तिच्या नजरेआड एक अख्खी बाजू झाकून टाकतं. तिथून दुसरी होडी येतेय का, हे पुढे उभी असलेली किंवा खाली वाकून पाहणारी सांगते. म्हणजे हुकूम मागून पुढे जातो, पण बातमी पुढून मागे यावी लागते. ज्या संघटनेत वस्तीत फिरणारी कार्यकर्ती बैठकीत बोलत नाही, ती संघटना आंधळेपणाने चाललेली असते.

आता आमच्याच गटाबद्दल बोलते, आणि दोष स्वतःपासून मोजते.

आम्ही अभिमानाने म्हणायचो, 'आमच्यात नेता नाही, आम्ही सगळ्या सारख्या.' पण ८ मार्चला पोहे आणि चहा करणाऱ्या दोघी दरवर्षी त्याच आणि माइकवर बोलणाऱ्या दोघीही त्याच. त्यात एक मी. बँकेत जाणारी एकच, कायद्याचे अर्ज लिहिणारी एकच. जिला लिहिता येतं, जिच्याकडे फोन आणि पासबुक आहे, ती न निवडता नेता होते आणि तिला जाबही विचारता येत नाही. मला ते सोयीचं होतं, हे मी कबूल करते.

एका संध्याकाळी एक बाई कार्यालयात आली. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलेली, कडेवर मूल. मी मुंबईला गेले होते. कार्यालयात दोघी होत्या, दोघीही वर्षानुवर्षं काम करणाऱ्या. त्यांनी तिला जेवू घातलं, मुलाला झोपवलं. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे कसं जायचं, अर्जात काय लिहायचं, हे त्यांना येत नव्हतं. मी ते कधी शिकवलंच नव्हतं. 'ताई आल्या की बघू' असं ठरलं. ती सकाळपर्यंत थांबली आणि मग त्याच घरी परत गेली. तिचा फोन नंबर कोणीच लिहून घेतला नव्हता. तीन आठवड्यांनी ती माहेरी सापडली. त्या तीन आठवड्यांत तिने काय सोसलं ते इथे सांगण्याचा मला अधिकार नाही.

होडीवरून कोणी पाण्यात पडलं तर काय करायचं, याचा सराव निघण्यापूर्वी प्रत्येकीला करावा लागतो. पहिली गोष्ट म्हणजे ओरडून सांगायचं. मग एकजण दुसरं काहीही न करता, पडलेल्या बाईकडे हात रोखून उभी राहते. तिच्यावरची नजर क्षणभरही हटवायची नाही, कारण लाटांमध्ये माणसाचं डोकं एकदा दिसेनासं झालं की सापडणं कठीण. बाकीच्या होडी वळवतात. हे काम कोणाच्या हुद्द्याचं नाही. जिने पाहिलं तिचं ते काम. आमच्या गटात त्या संध्याकाळी बाई पाण्यात पडली होती, आणि तिच्याकडे हात रोखून उभी राहणारी कोणी नव्हती. आम्ही प्रमुखाची वाट पाहत होतो.

त्यानंतर आम्ही भिंतीवर एक तक्ता लावला. त्यावर सगळी कामं आहेत, झाडू मारण्यापासून भाषणापर्यंत, आणि प्रत्येक कामापुढे दोन नावं. एक जाणणारी, एक शिकणारी. तीन महिन्यांनी शिकणारी जाणणारी होते. पहिले अर्ज चुकीचे गेले. एकीने बँकेत चुकीच्या ठिकाणी सही केली. मी केलेले पोहे कोणाच्या घशाखाली उतरेनात. कामाचा वेग कमी झाला हे खरं आहे. पण आज मी नसले तरी अर्ज लिहिणाऱ्या चौघी आहेत.

काहीजणी विचारतील, मग प्रमुख नकोच का? तसं मी म्हणत नाही. वादळात मतदान घेत बसत नाहीत. तेव्हा एकीचं ऐकायचं असतं. पण ती एक कोण, हे बंदरात असतानाच ठरलेलं हवं आणि किनाऱ्याला लागल्यावर तिला 'तू हे असं का केलंस' असं विचारता आलं पाहिजे. 'मेडन'वरही शर्यतीपूर्वी नेतृत्वावरून वाद झाला आणि ट्रेसीच्या मुख्य सहकारीला होडी सोडावी लागली. बायका एकत्र आल्या म्हणजे भांडण होणार नाही, असा भाबडेपणा नको. भांडण किनाऱ्यावरच निपटलं, म्हणून होडी पुढे गेली.

एक इशाराही द्यायचा आहे. कौतुक म्हणजे हक्क नव्हे. तारिणी परत आली तेव्हा देशभर हार-तुरे झाले. नौदलात स्त्री-अधिकारी १९९२ पासून आहेत. पण २०१८ मध्ये बहुतेक शाखांत त्यांना कायम कमिशन नव्हतं. पृथ्वीला वळसा घालून आलेल्या बाईलाही निवृत्तीपर्यंत नोकरीची हमी नव्हती. तो दरवाजा स्त्री-अधिकाऱ्यांनीच लढलेल्या खटल्यात १७ मार्च २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने उघडला. समुद्रावरची कामं बाईला झेपत नाहीत हा युक्तिवाद साचेबंद समजुतीवर उभा आहे, असं न्यायालयाने बजावलं.

वाट मात्र पुढे गेली. तारिणीवरची पायल गुप्ता पुढे 'मेडन'वर खलाशी झाली आणि २०२३-२४ च्या ओशन ग्लोब शर्यतीत, होड्यांच्या आकाराचा हिशेब धरून लावलेल्या निकालात, बायकांची ही होडी पहिली आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तारिणी घेऊन निघाल्या आणि मे २०२५ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून आल्या. दोघीच असल्यावर एक झोपते तेव्हा दुसरीच्या हाती सगळं असतं. झोप लागण्याइतका विश्वास एकमेकींवर असावा लागतो. आणि इतकं लांब कशाला, शेजारच्या जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होड्या वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. बाईने होडीला हात लावू नये असं मानणाऱ्या किनाऱ्यावर वल्हं त्यांच्या हातात आहे.

मिरकरवाड्यातल्या मावशींना मी पुढच्या बैठकीत उत्तर दिलं. त्या ऐकून म्हणाल्या, "म्हंजे कामाला पाळी व्हती." एवढंच. माझ्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा सारांश त्यांनी चार शब्दांत सांगितला.

आता चहाची वेळ झालीय. चहा कोणी केलाय ते मी आत जाऊन बघून आले. सकाळपासून त्या दोघीच आत आहेत आणि त्यांनी यातलं एक वाक्यही ऐकलेलं नाही. तेव्हा पुढच्या सत्रात त्या इथे समोर बसतील. कपबश्या धुवायला मी जाते. माझ्याबरोबर कोण येतंय?