४१२ घोडे आणि तळहाताएवढं रबर

कानात इअरफोन, हातात चहा, सगळं जागेवर आहे ना? मग सुरू करूया. आजचा भाग गाड्यांवर आहे, पण सुरुवात माझ्या मूर्खपणापासून.

मी मूळचा साताऱ्याचा. सध्या नोकरीसाठी अमेरिकेत, मिशिगनमध्ये. दिवसभर कोड लिहितो. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी एक जुनी मस्टँग जीटी घेतली, २०११ची. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, ४१२ हॉर्सपॉवर, मॅन्युअल गिअर आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. घेतल्या घेतल्या काय केलं? गाडी खाली बसवली. छोट्या स्प्रिंगा मागवल्या, घरासमोरच जॅक लावून बसवल्या. फोटो एकदम भारी आले!

मग एक पावसाळी संध्याकाळ. शेजारी रूममेट बसलेला. हायवेला लागणारा वळणाचा रस्ता. ट्रॅक्शन कंट्रोल मीच बंद केलेलं, मजा म्हणून. दुसऱ्या गिअरमध्ये पाय जरा जास्त दाबला. आधी मागून धडधडधड आवाज, आणि पुढच्या क्षणी गाडी आडवी. समोर रस्ता नाही, लोखंडी कठडा! पाय काढला, स्टिअरिंग उलटं फिरवलं आणि कशीबशी सुटली. रूममेट घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्या शांततेने मी जास्त घाबरलो.

रात्री झोप लागेना, म्हणून हिशोब मांडला. या इंजिनाचा टॉर्क साधारण ५२९ न्यूटन-मीटर. पहिला गिअर ३.६६, मागच्या डिफरन्शियलचा रेशो ३.३१. गुणाकार केला की एक्सलवर ६४०० न्यूटन-मीटर येतात. आता मागच्या दोन्ही टायरवर, गाडी वेग घेताना वजन मागे सरकतं ते धरूनसुद्धा, अंदाजे साडेनऊशे किलोंचा भार. कोरड्या रस्त्यावर साधा टायर झेलेल त्याच्या दुप्पट जोर इंजिन देऊ शकतं. म्हणजे ताकद कमी नव्हतीच. कमी होती पकड. आणि रस्त्याला प्रत्येक टायरचा टेकलेला भाग केवढा? तळहाताएवढा.

आता वजन मागे सरकणं म्हणजे काय? बैलगाडीत मागे जास्त पोती टाकली की गाडी उलार होते, ते आठवा. कार वेग घेते तेव्हा तसाच भार मागे जातो. किती जातो, हे गाडीची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वेग किती झटक्यात वाढतोय यावर ठरतं. स्प्रिंग मऊ केली म्हणून त्यात फार फरक पडत नाही. सस्पेन्शन ठरवतं ते वेगळंच: तो भार टायरपर्यंत किती लवकर आणि किती स्थिर पोचतो.

इथेच मी माती खाल्ली होती. या मस्टँगला मागे सरळ एक्सल आहे, बोलेरोसारखा अखंड दांडा. फक्त पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि तो जागेवर धरायला आर्म. खालचे दोन आर्म एक्सलचा धक्का बॉडीला देतात, म्हणजे तेच गाडीला पुढे ढकलतात. आता बंद पडलेली गाडी ढकलताना तुम्ही काय करता? खाली वाकून, जरा वरच्या दिशेने जोर लावता. त्यामुळे तुमचे पाय जमिनीत रुततात. खालच्या दिशेने ढकललंत तर पाय घसरतील. आर्मचंही तसंच. त्याचं पुढचं टोक बॉडीला असतं. ते वर असेल तर टायर जमिनीत दाबला जातो. मी गाडी खाली आणली, बॉडीबरोबर ते टोकही खाली आलं, आर्म उलटा कलला. फोटोसाठी मी स्वतःच पकड घालवली होती!

आणि तो धडधड आवाज? त्याला व्हील हॉप म्हणतात. आर्मच्या टोकांना रबरी बुश असतात. जोर आला की ते पिळले जातात, टायर सुटतो, बुश उसळी मारून परत येतात, टायर पुन्हा पकडतो. हे सेकंदात अनेक वेळा. असं चालू राहिलं तर एक्सल तुटू शकतो.

मग मी ऑफिसात बग शोधतो तसंच केलं: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक वेळी मोजणी. इथल्या ड्रॅग स्ट्रिपवर ठरावीक संध्याकाळी कुणीही आपली गाडी पळवू शकतो. पहिल्या ६० फुटांना लागलेला वेळ कागदावर छापून मिळतो. माझा होता २.४ सेकंद.

पहिलं, टायर. कडेवरचे शेवटचे चार आकडे पाहिले: २२१५. म्हणजे २०१५चा बाविसावा आठवडा. नक्षी शिल्लक होती, पण रबर दगड झालेलं. नवे टाकले, २.२ झाले.

दुसरं, खालचे आर्म. एका टोकाला पॉलियुरेथेनचा कडक बुश, दुसऱ्या टोकाला फिरता जॉइंट, कारण वळणावर एक्सलला तिरकं व्हावं लागतं. दोन्हीकडे कडक केलं तर तो अडकतो. हॉप जवळजवळ गेला. केबिनमध्ये आवाज वाढला, ती किंमत मोजावी लागते.

तिसरं, ब्रॅकेट. आर्मचं मागचं टोक एक्सलवर खाली घेणारा पोलादी तुकडा. आर्मचा कल परत सरळ झाला. त्यात तीन भोकं असतात. मी हावरटपणे सगळ्यात खालचं निवडलं, तर ब्रेक मारताना मागचं चाक उडायला लागलं. मधल्या भोकावर आलो. वेळ २.०५.

इंजिनाला हातही लावला नव्हता, बरं का.

घरी करणार असाल तर दोन गोष्टी. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावाच. आणि रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असू द्या, नाहीतर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

ट्रॅक्शन कंट्रोल आता रस्त्यावर कायम चालू असतं. पावसात नवे टायरसुद्धा चारशे घोडे सांभाळत नाहीत, ते काम उजव्या पायाचं. रूममेट परत गाडीत बसतो, पण आधी आकाशाकडे बघतो. मी काही बोलत नाही, त्याचा हक्क आहे तो.

तुमच्याकडे मस्टँग नसेल, स्कूटर असेल. तरी आज खाली उतरा आणि टायरवरचे ते चार आकडे वाचा. कुठलं वर्ष निघालं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!