निखारा आणि सरपण

(मंचाच्या स्लायगो येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार फार मोठा नाही. मी रसायनशास्त्रातली संशोधक. दिवसाचा बराच वेळ पडद्यावरचे आलेख पाहण्यात जातो. पण गेली चार वर्षे सवड मिळाली की मी लॉख गिल सरोवराच्या दक्षिणेला, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात जाते. तिथे आम्ही काहीजण जमतो. काडेपेटीशिवाय विस्तव करणे, पावसात टिकेल असा आडोसा बांधणे, फांदीतून चमचा कोरणे, असे उद्योग चालतात. इंग्रजीत याला 'बुशक्राफ्ट' म्हणतात. आपण रानविद्या म्हणू.

आईला हे फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टरेट करून शेवटी लाकडंच गोळा करतेस होय?" आजचे भाषण म्हणजे तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

आधी विस्तवाबद्दल सांगते. विलोची सुकी फळी, तिच्यावर हेझलची उभी काठी, आणि दोरी बांधलेल्या धनुकलीने ती काठी फिरवायची. घर्षणाने लाकडाचा काळा भुगा पडतो आणि सगळे जमले तर त्या भुग्यात इवलासा निखारा धरतो. यज्ञातल्या अरणींचे तत्त्व हेच. स्लायगोच्या ओल्या हवेत मला पहिला निखारा तिसऱ्या खेपेला मिळाला. लाकूड ओले असेल तर पदवी उपयोगी पडत नाही आणि मंत्रही!

या खटाटोपात माणसांना अर्थ का सापडतो? निसर्गाच्या सान्निध्यात बरे वाटते, हे नेहमीचे उत्तर. त्याला थोडा आधारही आहे. रॉजर उलरिक यांनी 1984 साली 'सायन्स' या नियतकालिकात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या 46 रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार इमले बांधू नयेत. शिवाय बरे वाटणे वेगळे आणि अर्थ वाटणे वेगळे.

मला वाटते, अर्थ येतो तो कृती आणि परिणाम यांच्यातले अंतर मिटल्यामुळे. माझ्या नोकरीत आज केलेल्या कामाचे फळ कधी तीन वर्षांनी दिसते, कधी दिसतच नाही. रानात बांधलेला आडोसा रात्री गळतो किंवा गळत नाही. लाकूड खुशामत करत नाही आणि आकसही धरत नाही. यात गूढ काही नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या कामातून हा रोकडा हिशेब हरवला आहे, एवढेच.

त्याच सरोवरात इनिसफ्री नावाचे चिमुकले बेट आहे. त्यावर कवी येट्सची प्रसिद्ध कविता आहे, 1890 साली छापलेली. वडिलांनी वाचून दाखवलेल्या थोरोच्या 'वॉल्डन'मुळे येट्सला लहानपणी वाटे, आपणही त्या बेटावर झोपडी बांधून राहावे. पण कविता सुचली लंडनमध्ये, फ्लीट स्ट्रीटवरच्या एका दुकानाच्या खिडकीतले कारंजे ऐकून. बेटावर तो कधीच राहायला गेला नाही. थोरो दोन वर्षे दोन महिने राहिला, पण जमीन मित्राची, एमर्सनची होती आणि गाव चालत जाण्याइतके जवळ. हे मी हिणवण्यासाठी सांगत नाही. रानाची ओढ बहुधा शहरात जन्मते आणि परतीची वाट असेल तेव्हाच ती गोड लागते, एवढेच म्हणायचे आहे.

आमच्यातले एक वृद्ध गृहस्थ लहानपणी जळणासाठी दलदलीतले पीट कापायला जात. ते म्हणतात, "तेव्हा कंबर मोडायची, अर्थबिर्थ कुणाला सुचत नव्हता." मला माझी आजी आठवते. पाटण तालुक्यातल्या डोंगरावरून ती डोक्यावर सरपणाची मोळी आणायची. फुंकणीने चूल फुंकून तिचे डोळे कायम लाल असत. तिच्यासाठी अर्थपूर्ण दिवस कोणता? घरी गॅस आला तो. आईचा प्रश्न तिथून आला होता.

याहून कडू गोष्ट पारध्यांची. फासे विणणे, माग काढणे, पाखरांचे आवाज काढणे या विद्येत त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि त्यांच्यावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. कायदा 1952 साली रद्द झाला, पण संशय गेला नाही. जी विद्या मी पैसे मोजून सुरी-करवत घेऊन छंद म्हणून शिकते, तीच अंगी असल्याबद्दल कुणाला पोलीस चौकीत हजेरी लावावी लागली. हे विसरून रानविद्येचे गोडवे गाणे मला अप्रामाणिक वाटते.

मग रानाजवळचे जगणे म्हणजे एक तर छंद, नाही तर शिक्षा, असेच आहे का? तसे नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड आदिवासींच्या गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 पासून बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभा स्वतः देऊ लागली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने हे गाव अभ्यासगटात चर्चा करून, सर्वसहमतीने निर्णय घेत आले आहे. तिथे जंगल हा विरंगुळा नाही आणि वेठबिगारही नाही. कृती गावाची, परिणाम गावाचा आणि निर्णयही गावाचा.

माझ्या छंदातल्या हिशेबात नेमका हा तिसरा भाग मला दिसत नव्हता, कारण तो मला आयताच मिळाला होता. मी आज रानात जायचे की नाही, हे मी ठरवते. आजीला ते ठरवता आले नाही. पारध्यांच्या बाबतीत ते दुसऱ्यांनी ठरवले.

तेव्हा आईला माझे उत्तर असे: होय, लाकडेच गोळा करते आणि त्यात मला आनंद आहे. पण तो आनंद लाकडात जितका आहे तितकाच मोकळीकीत आहे. ज्या आयाबायांना आजही सरपणावाचून इलाज नाही त्यांना गॅस मिळावा, आणि ज्यांना रानातच राहायचे आहे त्यांना त्या रानाचा हक्क मिळावा, या दोन्ही मागण्या मला एकच वाटतात.

इथल्या आपल्या मुलांना उन्हाळी शिबिरात विस्तव करायला जरूर शिकवू या. निखारा धरला की त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. फक्त त्याच शेकोटीभोवती बसून त्यांना आजीच्या फुंकणीची आणि पारध्यांच्या फाशांचीही गोष्ट सांगू या.