खिडकीपुरते दान



ज्या रोग्यास बरे करणे वैद्यकास शक्य उरलेले नाही, त्याची व्यवस्था कोणी पाहावी, हा प्रश्न प्रत्येक समाजापुढे उभा आहे. रुग्णालयातील खाट बऱ्या होणाऱ्या रोग्यासाठी हवी असते आणि घरी असह्य वेदनांपुढे आप्तेष्ट हतबल होतात. अशा रोग्यास अखेरपर्यंत वेदनेपासून आराम, स्वच्छता आणि माणसाची सोबत लाभावी, यासाठी जे आश्रयस्थान असते त्यास हॉस्पिस म्हणतात.

या कार्याच्या आधुनिक स्वरूपाचे मूळ एका लहानशा दानात आहे. १९४८ साली लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड टाझ्मा हा वॉर्सातून आलेला ज्यू निर्वासित कर्करोगाने मरणशय्येवर होता. तेथे सिसिली सॉन्डर्स या समाजसेविका त्याची विचारपूस करीत. मरणोन्मुखांसाठी एखादे वेगळे घर असावे, असा विषय दोघांच्या बोलण्यात येई. त्याने आपले ५०० पौंड त्यांच्यासाठी ठेविले. त्या घराची एक खिडकी आपण व्हावे, एवढीच त्याची इच्छा होती. सॉन्डर्सबाई पुढे १९५७ साली डॉक्टर झाल्या. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठराविक वेळी मॉर्फिन दिल्यास रोगी शुद्धीवर राहून शांत राहू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९६७ साली त्यांचे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले. खिडकीचे दान आणि प्रत्यक्ष घर यांत १९ वर्षांचे अंतर पडले.

भारतात १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना सदन स्थापन केले. पुढे गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. तेथे कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रोग्यांची विनामूल्य शुश्रूषा होते.

विनामूल्य म्हणजे बिनखर्चाची नव्हे. मॉर्फिनची गोळी फारशी महाग नसते. खरा खर्च आहे तो रात्रभर उशाशी जागणाऱ्या परिचारिकेच्या वेतनाचा, रोज धुवावयाच्या चादरींचा आणि पथ्याच्या अन्नाचा. इमारतीस देणगीदार मिळतात, कारण भिंतीवर नावाची शिळा बसते. चादरीवर कोणाचे नाव घालावे? शिवाय बरा झालेला रोगी पुढे कृतज्ञतेने रुग्णालयास देणगी देतो. येथील रोगी परत येत नाही.

या अडचणीतून केरळने एक मार्ग काढिला. १९९३ साली कोळिकोड येथे वेदनाशमनासाठी संस्था निघाली आणि पुढे तिच्यातून गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले. शेजारच्या रोग्याचे घर शेजाऱ्यांनी सांभाळावे आणि खर्चासाठी ज्याने त्याने झेपेल तेवढे, पण नियमाने द्यावे, अशी ती रीत. २००८ साली त्या राज्याच्या सरकारनेही याविषयी धोरण स्वीकारले.

देवापुढची समई एकदाच अर्पण करता येते. तेल मात्र रोज लागते. समई देणाऱ्याचे नाव तिच्यावर कोरलेले असते, तेल घालणाऱ्याचे कोठेच नसते. तरी दिवा तेवतो तो तेलावर. हॉस्पिसला समईइतकीच, किंबहुना अधिक, गरज आहे ती या तेलाची. ज्याच्याकडून आभाराचा शब्दही परत यावयाचा नाही, त्याच्यासाठी दरमहा थोडे बाजूला काढून ठेवणे, यापरते निरपेक्ष दान क्वचितच असेल.